टाकीतला गंज कार्बोरेटरपर्यंत जाऊ नये म्हणून

कार्बोरेटरची मोटरसायकल आयडलिंगला बंद पडते, मिसिंग करते (मधेच झटके देते); कार्बोरेटर उघडून साफ केला की चालते आणि आठवड्याभरात पुन्हा तेच. अशा वेळी दोष बहुधा टाकीत असतो. लोखंडी पत्र्याच्या टाकीत पाणी गेले की गंज धरतो, त्याचे कण सुटून कॉकमधून (टाकीखालची पेट्रोलची तोटी) खाली येतात आणि कार्बोरेटरच्या स्लो जेटच्या (आयडलिंगला पेट्रोल देणारी नळी) बारीक छिद्रात अडकतात. म्हणून आधी पाणी थांबवायचे, मग टाकी आणि कॉक साफ करायचा. कार्बोरेटर सर्वांत शेवटी.

पाणी शिरण्याची मुख्य वाट झाकणाची. टाकीच्या पातळीत सपाट बसणारे झाकण असेल तर भोवतीच्या खोबणीत एक बारीक भोक असते. पावसाचे पाणी तिथून नळीने गाडीखाली निघून जाते. हे भोक चिखलाने बुजले की खोबणीत पाणी साचते, आणि झाकणाचे रबर कडक झालेले असेल तर ते थेट पेट्रोलमध्ये उतरते. जूनच्या आधी खोबणीत कपभर पाणी ओतून पाहा. ओतताना झाकण बंदच हवे. पाणी खाली गळाले नाही तर नायलॉनची जाड दोरी घालून भोक मोकळे करा. लोखंडी तार घालू नका. बऱ्याच गाड्यांत ही नळी टाकीच्या आतून जाते; तिला भोक पडले तर पेट्रोल गळू लागते. वॉशिंग सेंटरवर प्रेशरचा फवारा झाकणावर मारू देऊ नका.

दुसरे कारण हवेतला दमटपणा. अर्धी रिकामी टाकी कोकणातल्या पावसात महिनाभर उभी राहिली की आतल्या पत्र्यावर दव धरते. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल काही मर्यादेपर्यंत पाणी धरून ठेवते. मर्यादा ओलांडली की पाणी आणि इथेनॉल मिळून वेगळे होतात आणि तळाशी बसतात. पत्रा तळाच्या शिवणीपाशी आधी सडतो तो यामुळेच.

तपासणी सोपी आहे. इंजिन थंड असताना, उघड्यावर, विडी-सिगारेट आणि ठिणगीपासून दूर, कॉकची नळी काढा, कॉक रिझर्व्हवर करा आणि काचेच्या बाटलीत पाव लिटर पेट्रोल घ्या. रिझर्व्हवरच घ्या, कारण त्याचे तोंड तळाजवळ असते आणि मेनचे उंच. बाटली दहा मिनिटे स्थिर ठेवा. तांबूस गाळ म्हणजे गंज. काळे मऊ तुकडे दिसले तर पेट्रोलची नळी आतून सुटते आहे, ती बदला. तळाशी वेगळा थर किंवा थेंब म्हणजे पाणी. धार सुरुवातीला जोरात येऊन बारीक झाली तर झाकण उघडून पाहा: धार वाढली तर झाकणाचे हवेचे छिद्र बुजले आहे, नाही वाढली तर कॉकची जाळी. काही गाड्यांत व्हॅक्यूमचा, म्हणजे इंजिनच्या ओढीने उघडणारा कॉक असतो. त्यातून इंजिन बंद असताना पेट्रोल येतच नाही.

गंज दिसला तर टाकी उतरवा. कॉक, झाकण आणि पेट्रोल गेजचा फ्लोट काढून ठेवा, भोके रबरी बुचांनी बंद करा. आधी भांड्यांच्या साबणाने दोनदा धुऊन पेट्रोलचा वास पूर्ण घालवा. मग लिटरभर कोमट पाण्याला ५० ते ६० ग्रॅम सायट्रिक अॅसिड या प्रमाणात द्रावण करून टाकी गळ्यापर्यंत भरा. १० लिटरच्या टाकीला ५०० ते ६०० ग्रॅम लागते. १२ ते २४ तास ठेवा, मधूनमधून हलवा. द्रावण रंगावर सांडले तर लगेच पाण्याने धुवा. संडास साफ करायचे अॅसिड वापरू नका. ते गंजाबरोबर चांगला पत्राही खाते आणि वेल्डिंगला पिनहोल (सुईएवढी भोके) पाडते.

रिकामी केल्यावर लिटरला दोन चमचे खायचा सोडा घातलेल्या पाण्याने खळबळून घ्या, मग साध्या पाण्याने. यानंतर घाई करावी लागते. ओला उघडा पत्रा काही मिनिटांत पुन्हा तांबूस होतो. लगेच ब्लोअरने सुकवा आणि अर्धा लिटर पेट्रोलमध्ये ५० मिली टूटी (टू-स्ट्रोक इंजिनचे) ऑइल मिसळून ते सगळीकडे फिरवून काढून टाका. टाकीला आतून एपॉक्सीचा थर लावण्याचा मोह मात्र टाळा. खाली गंज राहिला असेल तर तो थर पापुद्र्यांनी सुटतो आणि जाळी पार बंद करतो. पिनहोल असेल तेव्हाच त्याचा विचार करावा.

कॉकची जाळी फाटलेली असेल तर कॉक नवा घ्या, सोबत रबरी वायसर. त्यानंतर कॉक आणि कार्बोरेटरमध्ये पारदर्शक फिल्टर बसवा. फिल्टरवरचा बाण कार्बोरेटरकडे, नळीला वर चढणारा वळसा नको, आणि नळी सिलिंडरला टेकायला नको. दाट कागदी फिल्टर पाणी लागले की फुगतो आणि नुसत्या उतारावर येणारी धार अडवतो, म्हणून जाळीचा घ्या. कार्बोरेटरच्या तळाशी पेट्रोल साठते त्या वाटीचा ड्रेन स्क्रू महिन्यातून एकदा सैल करून घाण काढा. वाटी भरली की पेट्रोल बंद करणाऱ्या फ्लोटच्या सुईखाली एक कण अडकला तरी ओव्हरफ्लो होतो.

फ्युएल इंजेक्शनच्या (कार्बोरेटर नसलेल्या) गाडीत असला फिल्टर मधे घालू नका, तिथे पेट्रोल दाबाखाली असते. त्यांची जाळी टाकीतल्या पंपालाच असते, आणि टाकी सतत तळाशी नेली तर पंपही तापतो. पाव टाकी राहिली की भरा.