विदर्भातल्या गावात गप्पा मारताना या चुका टाळा

बदली होऊन आलेले शिक्षक, नवे कृषी सहायक, बँकेच्या शाखेतले साहेब, पुण्याकडून इकडे सून म्हणून आलेल्या मुली, या सगळ्यांची अडचण एकच असते. पानठेल्यावर किंवा कोणाच्या ओसरीवर बसल्यावर बोलायचं काय? ऊन-पाऊस, जेवण, काम, टीव्ही हे विषय सगळीकडे तेच. तरी दोन वाक्यांत गप्पा बसतात, कारण बहुतेकदा प्रश्नच ठोकळ असतो. "शेती कशी चाललीय?" म्हटलं की "चालू आहे" एवढंच उत्तर येतं. त्याऐवजी दोन दिवसांच्या उघाडीनंतर "वापसा आला का?", म्हणजे जमीन कामापुरती सुकली का, असं विचारा. पुढची पंधरा मिनिटं समोरचाच बोलेल.

पावसाला "छान" म्हणण्याची घाई

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो, म्हणून हेच आधी.

गावात पावसाला बहुतेक "पाणी"च म्हणतात. "पाणी आला का तुमच्याकडं?" हा मृगापासून पोळ्यापर्यंतचा नमस्कार समजा. त्यावर "हो, मस्त आला" हे उत्तर अर्धवट आहे. किती आला ते सांगायचं: नुसती भुरभुर, पेरणीपुरता, की नाल्याला पूर गेला. महसूल मंडळातल्या पर्जन्यमापकावर चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर नोंद झाली की अतिवृष्टी धरतात आणि पंचनाम्याची गोष्ट निघते. त्यामुळे "आपल्या मंडळात किती दाखवला?" या प्रश्नाचं उत्तर पानठेल्यावर कोणाला तरी ठाऊक असतंच.

पाऊस चांगला की वाईट, हे ठरतं त्या आठवड्यात वावरात (शेतात) काय उभं आहे किंवा काय कापून पडलं आहे त्यावर. जूनमध्ये ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असं कृषी विभाग सांगतो. पण पहिल्या सरीवर पेरणारे असतातच, आणि मग पावसात खंड पडला की दुबार पेरणी येते. अशा वेळी "तुम्ही जरा लवकरच पेरलं" म्हणणं म्हणजे बियाण्याच्या आणि खताच्या बॅगा गेलेल्या माणसाला हिशोब शिकवणं. "बियाणं निघालं का?" इतकंच विचारा.

जुलै-ऑगस्टात झड लागते, तीन-चार दिवस पाणी थांबत नाही. शहरातल्या माणसाला हे भजी-चहाचं हवामान वाटतं. काळ्या जमिनीत मात्र तोवर डवरा (बैलाची कोळपणी) चालत नाही, फवारा मारता येत नाही, आणि तण पिकाच्या वर जातं. निंदायला (तण काढायला) बाया मिळत नाहीत, मिळाल्या तर मजुरी वाढलेली असते. झडीत विचारायचं ते "निंदण राहिलं का?"

सप्टेंबरच्या शेवटापासून ऑक्टोबरभर तर "काय छान गारवा पडला" हे वाक्य तोंडातून काढूच नका. तेव्हा सोयाबीन सोंगून (कापून) वावरात गंजी, म्हणजे ढीग, लागलेली असते. गंजी भिजली तर शेंगांतच दाणा फुगतो, काळा पडतो, कोंबही येतात, आणि डागी माल म्हणून बाजारात भाव पडतो. त्याच पावसानं पराटीची (कपाशीची) खालची बोंडं सडतात, फुटलेला कापूस पिवळा पडून त्याची कवडी (खराब कापूस) होते. या दिवसांत आभाळ भरलं की एकच प्रश्न कामाचा: "गंजी झाकली का?" ताडपत्री कमी पडत असेल तर पुढचं बोलणं आपोआप निघतं.

नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये ढगाळ हवा किंवा सकाळची धुई (धुकं) आली, तर ते तुरीच्या फुलासाठी वाईट. फुलगळ होते, अळी वाढते. धुक्याचा फोटो काढून "आपलं महाबळेश्वर" म्हणून गावाच्या ग्रुपवर टाकणारे नवे गुरुजी दरवर्षी कुठे ना कुठे असतात. लोक काही बोलत नाहीत, पण लक्षात ठेवतात.

उन्हाळ्याचं सोपं आहे, फक्त दोन गोष्टी सांभाळा. नवतपा साधारण २५ मेपासून नऊ दिवस, सूर्य रोहिणीत आला की. हे नऊ दिवस कडक तापले तर पावसाळा चांगला, असं गावात मानतात. म्हणून नवतप्यात वळवाची सर आल्यावर "बरं झालं" म्हटलं तर म्हातारी माणसं मान हलवतील. आणि दुपारी एकची भेट ठरवू नका. मे महिन्यात शेतातलं काम पहाटे सुरू होऊन दहा-अकराला संपतं, माणूस पुन्हा बाहेर पडतो ते चार-पाचनंतर. एप्रिलमध्ये "कुलर लावला का? खस बदलली का?" हे विचारणं इकडे अगदी जागच्या जागी बसतं. (बोलता बोलता एक सांगून टाका: कुलरमध्ये पाणी भरताना नुसतं बटण बंद करू नका, प्लगच काढा. पत्र्याचा कुलर आणि ओले हात हा दर उन्हाळ्यातला धोका आहे.)

चालू नक्षत्र माहीत असलं की अर्धं काम होतं. मृग ७-८ जूनला लागतो, आर्द्रा २१-२२ जूनला, मघा १६-१७ ऑगस्टला, हस्त २६-२७ सप्टेंबरला. प्रत्येक नक्षत्र तेरा-चौदा दिवसांचं. त्याचं वाहन बेडूक आहे की गाढव, हे कॅलेंडरवर छापलेलं असतं. "न पडतील मघा, तर वरती बघा" ही म्हण तुम्हीच आधी म्हटलीत तर समोरचा खूश होतो. बुलढाणा जिल्ह्यातल्या भेंडवळची घटमांडणी अक्षय्य तृतीयेला होते आणि दुसऱ्या दिवशी पहाटे त्यावरून वर्षाच्या पाऊस-पिकाचं भाकीत सांगतात. त्यावर "भेंडवळनं काय सांगितलं?" एवढं विचारा आणि ऐका. अंधश्रद्धेवरचं भाषण तिथे नको, आणि त्या भाकितावर पेरणीचा सल्लाही देऊ नका.

हवामान खात्याचा अंदाज सांगतानाही चूक होते. "विदर्भात तुरळक ठिकाणी पाऊस" याचा अर्थ जास्तीत जास्त पाव ठिकाणी. "काही ठिकाणी" म्हणजे निम्म्याच्या आत. हे न बघता "आज पाणी येणार, टीव्हीवर सांगितलं" म्हणून कोणाला फवारणी थांबवायला लावली आणि ऊन पडलं, तर तुमच्या शब्दाची किंमत तिथेच संपते.

जेवण, चहा आणि नकार

"जेवले का?" हे सकाळी दहालाही विचारतात, कारण वावरात जाणारा माणूस तोवर जेवून निघालेला असतो. उत्तर द्यायचं: "हो, झालं. तुमचं?" "नाही अजून" म्हटलंत तर ताट वाढलं जाईल आणि मग उठता येणार नाही. थांबायचं नसेल तर हे शब्द वापरूच नका.

चहाला थेट नाही म्हणू नका, "अर्धा द्या" म्हणा. साखर कमी हवी असेल तर पातेलं चुलीवर चढण्याआधी सांगा. कप हातात आल्यावर सांगण्यात अर्थ नाही, आणि तोंड वाकडं करण्यात तर मुळीच नाही. कोरा चहा आला तर समजून घ्या की घरात दूध संपलं आहे, मागू नका.

विदर्भाचं जेवण म्हणजे सावजी (झणझणीत रस्सा), हे नागपूरच्या बाहेर बोलण्यासारखं नाही. पश्चिमेकडे, अकोला-अमरावती-यवतमाळकडे, रोजचं ताट भाकर-पोळी, बेसन, वरण आणि ठेचा असं. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे भात पहिला. तिथे "तुम्ही पोळी खात नाही का?" विचारू नका. बेसन म्हणजे पिठलं, फल्ली म्हणजे भुईमूग, आणि बाजारात सांबार मागितला तर कोथिंबीर हातात पडेल, एवढं आधीच माहीत असू द्या.

रोडग्याच्या (भाजलेल्या कणकेच्या गोळ्यांच्या) पंगतीला बोलावलं तर नवा माणूस रोडगा कडक बिस्किटासारखा चावत बसतो. तसा तो खायचा नसतो. गोवऱ्यांच्या आरात भाजलेला रोडगा आधी झटकून राख काढायची, हातानं फोडायचा, आतला लहान गोळा वेगळा करून तोही कुस्करायचा, वर गरम वरण आणि तेल किंवा तूप घालून दोन मिनिटं मुरू द्यायचा. सोबत वांग्याची भाजी. पहिल्या वेळी अर्धाच घ्या. हा पदार्थ पोटात फुगतो, आणि आग्रह तर होणारच. तारीफ करताना "हॉटेलपेक्षा छान" नको. "गोवऱ्या घरच्या का?" विचारा, रोडगा करणारा माणूस खुलतो.

कामाचं विचारताना

"एकरी किती उतरलं?" हा प्रश्न इकडे उघडपणे विचारतात, तुम्हीही विचारू शकता. पण "किती पैसे झाले?" आणि "कर्ज किती?" हे दोन प्रश्न बाहेरच्या माणसानं विचारायचे नाहीत. बँकेचे साहेब असाल तर ओसरीवर तर नाहीच. आणि विदर्भ म्हटलं की आत्महत्येचा विषय काढणारे पाहुणे असतात. ज्या घरात बसलात त्या घराचं तुम्हाला काय माहीत? तो विषय त्यांनी काढला तरच ऐका.

आणखी एक नेहमीची चूक म्हणजे "हमीभाव तर आहे ना?" २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५३२८ रुपये आणि लांब धाग्याच्या कापसाचा ८११० रुपये जाहीर झाला, हे शेतकऱ्याला तुमच्याआधी माहीत असतं. अडतं ते खरेदी केंद्रावर. सोयाबीनमध्ये ओलावा १२ टक्क्यांच्या आत लागतो. कापसाला ८ टक्के धरतात, त्यावर १२ पर्यंत कपात करून घेतात, त्यापुढे गाडी परत. म्हणून "ओलावा किती दाखवला?" हा प्रश्न बरोबर जागी लागतो.

रब्बीत, हरभरा-गव्हाच्या ओलिताच्या दिवसांत, "लाइन या आठवड्यात दिवसाची का रातची?" विचारा. कृषिपंपाला थ्री फेज वीज बऱ्याच ठिकाणी आलटून पालटून मिळते, कधी दिवसा तर कधी रात्री. रात्रीची पाळी असलेला माणूस थंडीत दोन वाजता वावरात मोटर सुरू करायला जातो. त्याला सकाळी नऊला फोन करून "झोपले होते का अजून?" असं हसत विचारू नका. डीपी (गावचा ट्रान्सफॉर्मर) जळली असेल तर त्या गावात महिनाभर दुसरा विषयच नसतो, तेव्हा तोच चालवा.

पूर्व विदर्भात कापसाचे प्रश्न नेऊ नका. तिथे धान आहे: जून-जुलैत पऱ्हे (रोपं) आणि रोवणी (लावणी), पुढे तुडतुडे ही कीड, दिवाळीच्या आसपास कापणी. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं, मेमध्ये तेंदूपत्ता. वरुड-मोर्शी, काटोल-नरखेडकडे संत्र्याचा बगीचा, तिथे "आंबिया धरला का मृग?" (हे संत्र्याचे दोन बहार) आणि "गळ किती?" (फळं किती गळली) यावर कितीही वेळ बोलता येतं.

टीव्ही

याला फार वेळ लागत नाही. संध्याकाळी सात ते साडेनऊ सिरियलची वेळ. त्या वेळात गेलात तर बसा, पण आवाज कमी करायला सांगू नका, आणि पुढची गोष्ट मोबाइलवर आधीच पाहिली असेल तर गप्प राहा. बऱ्याच घरी दूरदर्शनची फ्री डिश असते, महिन्याचं रिचार्ज नसतं. तुमच्या चॅनलवरचा कार्यक्रम त्यांच्याकडे दिसतच नसेल.

बातम्यांतला भाव सांगताना मात्र सांभाळा. बाजार समितीत तीन भाव निघतात, किमान, कमाल आणि सर्वसाधारण. पडद्यावर बहुधा कमाल झळकतो, तोही दुसऱ्याच बाजाराचा. "टीव्हीवर तर जास्त सांगितला" म्हटलं की माल कमी भावात विकून आलेला माणूस उठून जातो.

झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या धानपट्ट्यात, दिवाळीनंतर टीव्हीचा विषय मागे पडतो. गावोगाव मंडई (जत्रा) भरते, वडसा म्हणजे देसाईगंजच्या मंडळ्या रात्रभर नाटक करतात, ते होळीपर्यंत. तिथे "मंडईला नाटक कोणतं ठेवलं?" विचारा.

बोली उचलण्याची हौस

आठवडाभरात "का बे" म्हणायला लागणारे बरेच असतात. "बे" हा बरोबरीच्या, जवळच्या मित्राचा शब्द आहे. मोठ्या माणसाला, बाईमाणसाला किंवा कामावरच्या गड्याला तो लावला तर शिवी ठरतो. "पोट्टे", "बुढा" हेही घरच्यांनी घरच्यांना म्हणायचं. तुम्ही "भाऊ", "काका", "मावशी", "वहिनी" यावरच राहा. नागपूर-भंडाऱ्याकडे शेवटी "जी" लावलं की आदर पोचतो. "करून राह्यलो", "येजा", "सांगजा" हे कानावर पडून आपोआप जिभेवर येतं, नक्कल करू नका. रामराम, जयभीम, जय सेवा, जयगुरू, सलाम, जो नमस्कार समोरून आला तोच परत द्या.

गप्पा अडल्या तर

उत्तरं "हो", "नाही", "पाहू" अशी यायला लागली, तर बहुधा तीनपैकी एक कारण असतं: तुम्ही हातात वही किंवा मोबाइल काढला, प्रश्न पैशाकडे गेला, किंवा गावातला दुसरा गट शेजारी येऊन बसला. पहिल्यात वही खिशात ठेवा. दुसऱ्यात बैलजोडी, शाळेतली मुलं, लग्नाचं असा विषय बदला. तिसऱ्यात विषय बदलूनही उपयोग नाही. चहा संपवा आणि उठा, उद्या सकाळी वावराच्या धुऱ्यावर (बांधावर) भेटा.

उठताना "जातो" म्हणू नका, "येतो" म्हणा. त्यावर "बसा ना" येईल, एकदा बसा. आणि गाडीला किल्ली लावण्याआधी पाच मिनिटं हाताशी ठेवा. तासभर पाण्यावर बोललेला माणूस खरं काम दारात काढतो: सातबाऱ्यावर नाव चुकलेलं, पासबुकात पैसे न पडलेले, मुलीचा दाखला अडलेला. कागद तिथेच उजेडात बघा, आणि ऑफिसात बोलवायचं असेल तर कोणत्या वारी, किती वाजता, सोबत कोणती झेरॉक्स आणायची, हे त्याच वेळी सांगून द्या.