मोठी एसयूव्ही घेण्यापूर्वी: खान्देशातील कुटुंबाने काय मोजावे, काय चालवून पाहावे

अमळनेरला आमच्या जुन्या घराच्या गल्लीचे तोंड ७ फूट ४ इंच आहे. मोठी एसयूव्ही घेण्याचा विचार घरात सुरू झाला, तेव्हा माहितीपत्रके चाळण्याआधी थोरल्या भावाने टेप आणून हे माप घेतले. मोठ्या गाडीच्या गुणदोषांचा हिशेब प्रत्येकाने इथूनच सुरू करावा, असे मला वाटते. ७ फूट ४ इंच म्हणजे सुमारे २,२३५ मिलिमीटर. स्कॉर्पिओ-एनची रुंदी १,९१७ मिलिमीटर आहे, टाटा सफारीची १,९२२ आणि एमजी ग्लॉस्टरची १,९२६. या आकड्यांत बाजूचे आरसे धरलेले नसतात. त्यामुळे आरसे मिटून गाडी आत घेतली तरी दोन्ही बाजूंना जेमतेम पंधरा-सोळा सेंटिमीटर उरतात आणि दार उघडता येत नसल्याने सगळ्यांना गल्लीबाहेरच उतरावे लागते. किमतीने सफारी आणि स्कॉर्पिओच्या कितीतरी वर असलेली, दिसायला दांडगी फॉर्च्युनर मात्र १,८५५ मिलिमीटरच रुंद आहे. समोरून दिसणाऱ्या रुबाबावरून रुंदीचा अंदाज बांधू नये, एवढे यावरून कळते.

अमेरिकेत फुल साइज एसयूव्ही म्हटली की शेव्हरोले सबर्बनसारखी गाडी डोळ्यांपुढे येते. ते नाव १९३५ पासून चालत आले आहे आणि आजची सबर्बन ५.७ मीटरहून लांब आहे. आपल्याकडे मोठी एसयूव्ही म्हणजे तीन रांगांची, साधारण ४.६ ते ५ मीटर लांबीची गाडी. घराची गल्ली, अंगणातील फाटक, शेतावरील गोठ्याशेजारची वळण्याची जागा आणि बाजारात गाडी लावण्याची नेहमीची जागा, ही चार मापे लिहून घेतली की निम्मे पर्याय आपोआप गळतात.

त्यानंतर मागच्या एका वर्षाचे प्रवास आठवून लिहून काढावेत. कोणत्या दिवशी पाचांहून अधिक माणसे होती, रस्ता कोणता होता आणि सामान किती होते, एवढेच लिहावे. आमच्या यादीत चैत्रातला वणीचा गड, लग्नसराईतले चार मुक्काम, सारंगखेड्याची यात्रा आणि सुरतेला दोन फेऱ्या निघाल्या. बाकी सारे प्रवास दोघा-तिघांचे होते. ज्यांच्या यादीत सात माणसांचे दिवस वर्षाकाठी चार-पाचच निघतात, त्यांनी त्या दिवसांपुरती क्रूझर किंवा इनोव्हा भाड्याने करावी आणि घरी लहान गाडी ठेवावी, असे मी मनापासून सांगेन. सात माणसे महिन्यातून दोन-तीनदा आणि तीही डांबरी रस्त्यानेच जाणार असतील, तर इनोव्हासारखी गाडी बसाय-उतरायला सोपी पडते आणि तिच्या मागच्या रांगेत मोठी माणसेही नीट बसतात. माणसेही भरपूर आणि वाटही खराब, अशी दोन्ही कारणे एकत्र येतात तेव्हाच मोठ्या एसयूव्हीचा खर्च वसूल होतो.

तिसरी रांग पाहताना तिथे स्वतः किमान अर्धा तास बसावे. बऱ्याच गाड्यांत तिसऱ्या रांगेची सीट गाडीच्या तळापासून फारशी उंच नसते, गुडघे छातीशी येतात आणि वळणावर डोके काचेला लागते. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, म्हणून गाडी दुपारी दोन वाजता, उन्हात तासभर उभी केल्यावर पाहावी. एसी लावल्यापासून मागच्या माणसाला गार वारा लागेपर्यंत किती मिनिटे जातात ते घड्याळ लावून मोजावे. काही गाड्यांत तिसऱ्या रांगेला वाऱ्याची स्वतंत्र झडपच नसते आणि पुढचा वारा मागे पोहोचेल अशी आशा करत बसावे लागते. छताला मोठी काच असलेली गाडी संध्याकाळी मोहक वाटते, परंतु आपल्याकडच्या उन्हात ती काच डोक्यावर तापते. तिच्यासाठी जास्तीचे पैसे मोजणे मला पटत नाही.

तिसऱ्या रांगेत माणसे बसली की सामान कुठे जाते, हेही डोळ्यांनी पाहावे. दोन मोठ्या बॅगा आणि एक पाण्याचा जार घेऊनच शोरूमला जावे आणि मागचे दार लावून पाहावे. फॉर्च्युनरची तिसरी रांग दोन्ही बाजूंना वर उचलून टांगली जाते, तर सफारीसारख्या गाड्यांत ती पुढे पाडून सपाट होते. पोती किंवा ठिबकच्या नळीची भेंडोळी ठेवायची असतील तर हा फरक रोज जाणवतो.

आमच्या मायला वयाच्या सत्तराव्या वर्षी एका उंच गाडीत चढवून पाहिले, तेव्हा तिने एक पाय पायरीवर ठेवला, दुसरा उचलताना छताजवळची मूठ शोधली आणि ती हाती न आल्यामुळे पुन्हा खाली उतरून म्हणाली, “गाडी चांगली से, पन चढाले पाट लागी.” विक्रेत्याने अर्धा तास सांगितलेल्या गुणांपेक्षा हे एक वाक्य आम्हाला अधिक उपयोगी पडले. घरात वयस्क माणसे असतील तर बाजूची पायरी किती रुंद आहे, मधल्या दारावर धरायला मूठ आहे का आणि साडी सांभाळून चढता येते का, हे त्यांनाच ठरवू द्यावे.

आता गाडीच्या सांगाड्याविषयी. स्कॉर्पिओ-एन, फॉर्च्युनर आणि ग्लॉस्टर या चेसिसवर, म्हणजे खालच्या वेगळ्या सांगाड्यावर, बॉडी बसवलेल्या गाड्या आहेत. सफारी आणि एक्सयूव्ही ७०० या मोनोकॉक आहेत, म्हणजे त्यांची बॉडी हाच त्यांचा सांगाडा असतो. चेसिसची गाडी दगडधोंड्यांच्या वाटेवर पिळवटण्याचा ताण चांगला सोसते आणि ट्रॉली ओढायला भक्कम असते. मात्र ती वजनाने जड असते आणि रिकामी असताना खड्ड्यांवरून मागची माणसे उडतात. मोनोकॉक गाडी सुरत-नागपूर महामार्गावर स्थिर चालते, वळणावर कमी कलते आणि आतून अधिक प्रशस्त असते. ज्यांचे वर्षातले बहुतेक किलोमीटर धुळे-जळगाव-भुसावळ अशा महामार्गावर पडतात, त्यांनी केवळ दणकटपणाच्या लौकिकासाठी चेसिसच्या गाडीचे हेलकावे पत्करू नयेत. ज्यांची वस्ती धडगाव-अक्कलकुवा भागात आहे किंवा ज्यांना पाल-यावलकडच्या सातपुड्याच्या पायथ्याशी रोज जावे लागते, त्यांच्यासाठी हिशेब उलटा आहे.

फोर बाय फोरबद्दल आपल्या भागात मोठा गैरसमज आहे. तापीकाठच्या काळ्या जमिनीत श्रावणात उतरलेली गाडी चारही चाके फिरवून बाहेर येईल, असे अनेकांना वाटते. काळी माती ओली झाली की टायरच्या खाचांत घट्ट भरते, दोन-चार फेऱ्यांत टायर गुळगुळीत होतो आणि मग चार चाके फिरली काय आणि दोन फिरली काय, गाडी जागच्या जागी घसरते. त्यात दोन टनांची गाडी हलक्या गाडीपेक्षा खोल रुतते. मागच्या पावसाळ्यात आमच्या शिवाररस्त्यावर एक मोठी फोर बाय फोर अशीच मडगार्डपर्यंत बसली होती आणि शेवटी शेजारच्या ट्रॅक्टरने साखळी लावून ती काढली. तिच्या मालकाने टायर मूळचे, म्हणजे महामार्गासाठीचे, ठेवले होते. म्हणून चिखलासाठी फोर बाय फोर घ्यायची असेल तर खोल खाचांच्या टायरचा खर्च तिच्या किमतीतच धरावा आणि तरीही भर पावसात काळ्या रानात जाणे टाळावे. फोर बाय फोर खरी कामाला येते ती खडीच्या चढावर, मुरमाड घाटवाटेवर आणि नदीच्या वाळूत. स्कॉर्पिओ-एन आणि फॉर्च्युनरमध्ये ती घेता येते. सफारी मात्र पुढच्या चाकांवरच चालते, तिला फोर बाय फोर मिळत नाही.

ओढ्याच्या फरशी पुलावरून पाणी वाहत असेल तर गाडी कितीही उंच असली तरी थांबावे. पाण्याचा जोर बाजूने बसला की उंच गाडीही वाहून जाऊ शकते, आणि फरशीची कड वाहून गेली असेल तर ते वरून दिसत नाही.

घाटातली परीक्षा मात्र अवश्य घ्यावी. तळोद्याहून धडगावला जाणारा चांदसैली घाट, शहाद्याहून सुमारे १,१५० मीटर उंचीवरील तोरणमाळचा रस्ता किंवा चाळीसगाव सोडल्यावरचा कन्नड घाट, यांपैकी जवळचा निवडावा. चढताना इंजिनाचा जोर सगळेच पाहतात. उताराकडे अधिक लक्ष द्यावे. सात माणसे सरासरी ६५ किलोची धरली तरी ४५५ किलो होतात, सामानासह ५०० किलोंवर जातात. एवढे वजन घेऊन उतरताना फक्त ब्रेकवर भिस्त ठेवली तर ब्रेक तापून त्यांची पकड कमी होते. ऑटोमॅटिक गाडीत हाताने खालचा गिअर टाकता येतो का, तो टाकल्यावर इंजिन गाडीला धरून ठेवते का, हे उतारावरच कळते.

डिझेल की पेट्रोल, हा प्रश्न आता पूर्वीइतका सोपा राहिलेला नाही. नव्या डिझेल गाड्यांत धुरातली काजळी अडवणारी गाळणी असते. ती साफ होण्यासाठी इंजिनाला मधूनमधून वीसेक मिनिटे सलग वेगात चालावे लागते. घर ते शेत, शेत ते बाजार असे चार-पाच किलोमीटरचेच फेरे होत असतील तर गाळणी भरते, दिवा लागतो आणि दुर्लक्ष केल्यास मोठा खर्च येतो. काही गाड्यांत युरियाचे द्रावणही भरावे लागते. ते गाडीसाठीचे शुद्ध, ३२.५ टक्क्यांचे असते, आणि त्याऐवजी खताचा युरिया विरघळवून टाकण्याचा प्रयोग कधीही करू नये. महिन्यातून दोनदा तरी महामार्गावर जाणे होत असेल, तर भरलेल्या मोठ्या गाडीला डिझेलचाच जोर शोभतो. फॉर्च्युनरचेच पाहा. तिचे २.८ लीटरचे डिझेल इंजिन ऑटोमॅटिकमध्ये ५०० न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे चाके फिरवण्याचा जोर, देते, तर २.७ लीटरचे पेट्रोल २४५.

सुरक्षिततेसाठी मोजक्याच गोष्टी सांगतो. तिसऱ्या रांगेतील प्रत्येक सीटला खांद्यावरून येणारा पट्टा हवा. जुन्या गाड्यांतील समोरासमोरच्या आडव्या बाकांवर लेकरांना बसवू नये. आणि उंच गाडीच्या टपावर सामान लादून वेगात वळण घेऊ नये, कारण भार वर गेला की ती उलटण्याचा धोका वाढतो. अपघात चाचणीतील तारे पाहताना ते त्याच मॉडेलचे आणि कोणत्या वर्षीचे आहेत हे तपासावे. सफारीला डिसेंबर २०२३ मध्ये भारत एनकॅप या आपल्या देशातील अपघात चाचणीत पाच तारे मिळाले आहेत.

पैशांचा हिशेब शोरूमच्या किमतीवर संपवू नये. ४ मीटरहून लांब, १,५०० सीसीहून मोठ्या इंजिनाच्या आणि किमान १७० मिलिमीटर ग्राउंड क्लिअरन्सच्या (जमिनीपासून गाडीच्या तळापर्यंतच्या उंचीच्या) गाडीवर २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के जीएसटी आहे. पूर्वी उपकर धरून तो ५० टक्के होता. त्यावर राज्याचा रस्ता कर येतो आणि डिझेल गाडीला त्याचा दर पेट्रोलहून जास्त असतो. वर्षाला १५,००० किलोमीटर धरले तर लीटरला १० किलोमीटर देणारी गाडी १,५०० लीटर पिते आणि १४ किलोमीटर देणारी सुमारे १,०७०. लीटरला ९० रुपये धरले तर फरक ३८,००० रुपयांच्या पुढे जातो. अ‍ॅव्हरेजचा आकडा जाहिरातीतून घेऊ नये, तीच गाडी चालवणाऱ्या ओळखीच्या माणसाला विचारावा. २६५/६० आर १८ अशा मापाचे टायर धुळ्यात किंवा जळगावात लगेच मिळतात का आणि पाच टायरना किती पडतील, हे दुकानात जाऊन विचारावे.

जुनी गाडी घेणाऱ्यांनी सर्व्हिस सेंटर किती दूर आहे ते आधी पाहावे. फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये भारतातील उत्पादन बंद करत असल्याचे जाहीर केले. त्यामुळे फोर्डची मोठी एसयूव्ही एन्डेव्हर आजही दमदार असली तरी आपल्या तालुक्यातून तिच्या कामासाठी कुठे जावे लागेल हे ठरवूनच सौदा करावा. दिल्लीकडून स्वस्तात आलेली डिझेल गाडी दिसली तर तिथे जुन्या डिझेल गाड्यांवर असलेले निर्बंध लक्षात घ्यावेत. ना-हरकत प्रमाणपत्र आणि आपल्या आरटीओत नव्याने नोंद करण्याचा कर जोडला की ती स्वस्ताई बरीच आटते.

बयाणा देण्याआधी शेवटची चाचणी घरच्या सात माणसांना घेऊनच करावी. आम्ही तसे मागितले, तेव्हा एका शोरूमने फक्त चालक आणि एक माणूस, तेही महामार्गावर तीन किलोमीटर, एवढीच परवानगी दिली. आम्ही आभार मानून बाहेर पडलो. दुसऱ्या ठिकाणी रविवारी सकाळी गाडी मिळाली. माय मधल्या रांगेत आणि दोन्ही भाचे मागे असे आम्ही आधी गल्लीच्या तोंडापर्यंत, मग शेताच्या वाटेवर आणि शेवटी महामार्गावर गेलो. परतल्यावर मायला पहिला प्रश्न विचारला तो उतरण्याचा, आणि भाच्यांना गार वाऱ्याचा.