घराजवळची सुट्टी: पीक डिस्ट्रिक्टमध्ये कुटुंबासह चार दिवस

ज्या वर्षी भारतात जाणे होत नाही, त्या वर्षी मँचेस्टर, शेफील्ड किंवा डर्बी परिसरातल्या मराठी कुटुंबाला वाटते की आता एक तर विमानाची महागडी तिकिटे काढून परदेशी जावे, नाही तर मुलांना घेऊन घरीच बसावे. पीक डिस्ट्रिक्ट यांपैकी बहुतेकांच्या घरापासून तास-दीड तासावर आहे. १९५१ साली जाहीर झालेले हे ब्रिटनचे पहिले राष्ट्रीय उद्यान. मात्र आपल्या ताडोबासारखे प्रवेशद्वार, तिकीट आणि जिप्सी असे येथे काही नाही. उद्यानाच्या हद्दीतच गावे आहेत, शेती आहे, मेंढ्या चरत असतात, आणि आत शिरायला कोणी पैसे मागत नाही.

तारखा ठरवताना आधी आपल्या शाळेचे वेळापत्रक पाहावे, कारण प्रत्येक कौन्सिलच्या सुट्ट्या एकाच आठवड्यात येत नाहीत. स्वस्त पडते म्हणून शाळा बुडवण्याचा मोह टाळावा. इंग्लंडमध्ये ऑगस्ट २०२४पासून विनापरवानगी गैरहजेरीचा दंड प्रत्येक मुलामागे, प्रत्येक पालकाला, १६० पौंड आहे. २१ दिवसांत भरल्यास तो ८० पौंडांवर येतो. दोन मुले आणि दोन पालक असा हिशेब केला तर वाचलेले पैसे तेथेच जातात.

मुक्काम एकच ठेवावा. चार दिवसांत चार गावे उरकण्याची आपली यात्रेची सवय येथे उपयोगी पडत नाही, कारण अरुंद रस्त्यांवर ट्रॅक्टरच्या मागे जाणारा वेळ कोणताही नकाशा सांगत नाही. कॅसलटन, होप आणि ईडेल ही होप व्हॅलीतली गावे मला सर्वांत सोयीची वाटतात. मँचेस्टर आणि शेफील्ड यांना जोडणारा रेल्वेमार्ग याच खोऱ्यातून जातो, त्यामुळे गाडी नसलेल्या कुटुंबालाही ईडेलच्या स्थानकावर उतरून थेट डोंगराची वाट धरता येते. मुले बरोबर असतील तर कुटुंबासाठीचे रेलकार्ड काढावे; त्यावर मोठ्यांच्या तिकिटात एक तृतीयांश आणि मुलांच्या तिकिटात साठ टक्के सूट मिळते.

भर उन्हाळ्यात कॉटेज बहुधा पूर्ण आठवड्यासाठीच देतात. तीन-चार रात्रींसाठी युथ हॉस्टेलमधली कुटुंबाची स्वतंत्र खोली परवडते, आणि अनेक हॉस्टेलांत स्वतः रांधायला सामाईक स्वयंपाकघरही असते. जागा ठरवण्यापूर्वी एक प्रश्न अवश्य विचारावा: शेगडी कोणत्या प्रकारची आहे? पहिल्या मुक्कामात आम्ही हा प्रश्न विचारला नाही आणि हौसेने घरचा ॲल्युमिनियमचा कुकर नेला. शेगडी निघाली इंडक्शनची. तिने कुकर ओळखलाच नाही. भात पातेल्यात कसाबसा झाला, पण तूरडाळ तासभर उकळूनही बोटाखाली चिरडेना. तेव्हापासून आम्ही मुगाची डाळ आणि स्टीलचा, सपाट बुडाचा कुकर नेतो. फोडणी देण्यापूर्वी खिडकी उघडून स्वयंपाकघराचे दार लावून घ्यावे, नाही तर मोहरी तडतडायच्या आत बाहेरच्या बोळातला धुराचा अलार्म किंचाळू लागतो. दुपारी पबमध्ये जेवायचे असेल तर वेळेकडे लक्ष असावे, कारण दोन-अडीचनंतर अनेक ठिकाणी स्वयंपाकघर बंद होते. त्यामुळे दशम्या, चटणी आणि उकडलेली अंडी बरोबर असलेली बरी.

पहिला कोरडा दिवस मॅम टॉरसाठी राखावा. ५१७ मीटर उंचीचा हा डोंगर ऐकायला मोठा वाटतो, पण वरच्या वाहनतळापासून फरसबंद पायऱ्यांनी माथा वीसेक मिनिटांवर आहे. माथ्याभोवती प्राचीन तटबंदीचे मातीचे बांध दिसतात, त्यामुळे किल्ल्यांचे वेड असलेल्या मुलांना हा डोंगर आपला वाटतो. तेथून कड्याच्या धारेने हॉलिन्स क्रॉसच्या खिंडीपर्यंत चालावे. उजवीकडची वाट कॅसलटनला, डावीकडची ईडेलला उतरते. कॅसलटनकडे उतरणाऱ्यांनी जुना मोटाररस्ता जरूर पाहावा. मॅम टॉरची पूर्वेकडची बाजू सतत घसरत असल्यामुळे हा रस्ता १९७९ साली कायमचा बंद करण्यात आला, आणि आज त्याचे डांबर पायऱ्यांसारखे तुकडे होऊन, मधली पांढरी रेघ तशीच मिरवत, उतारावर पडलेले आहे. भूगोलाच्या पुस्तकातले भूस्खलन मुलांना येथे बोटाने दाखवता येते.

पाऊस येणारच. तो दिवस कॅसलटनच्या गुहांना द्यावा; ब्लू जॉन नावाचा जांभळ्या-पिवळ्या पट्ट्यांचा दगड याच डोंगरात सापडतो. आत बारमाही गारवा असतो, म्हणून जुलैमध्येही स्वेटर घ्यावा.

उन्हाळ्यात आजी-आजोबा भारतातून आले असतील तर बेकवेलजवळची मॉन्सल ट्रेल निवडावी. जुन्या रेल्वेमार्गाची ही साडेआठ मैलांची सपाट वाट पूल आणि बोगदे ओलांडत जाते. मुलांसाठी हॅसप येथे सायकली भाड्याने मिळतात, मोठ्यांनी हवे तेवढे चालून मागे फिरावे. बोगद्यांतले दिवे दिवसाच चालू असतात, तेव्हा संध्याकाळी उशिरा आत शिरू नये.

शेतांतून जाणाऱ्या वाटांवर पिवळा बाण पायी चालणाऱ्यांसाठी, तर निळा बाण घोडे आणि सायकलींसाठीही असतो. हा चालण्याचा हक्क सहज मिळालेला नाही: २४ एप्रिल १९३२ रोजी शेकडो कामगार जमीनदारांची बंदी मोडून जवळच्याच किंडर स्काउटवर चढले आणि पाच तरुणांना त्यापायी तुरुंगात जावे लागले. वाटेतले फाटक जसे सापडेल तसेच सोडावे, उघडे असेल तर उघडे. गाय आणि वासरू यांच्या मधून कधीही जाऊ नये. गोठ्यातल्या गाईशी असलेली आपली ओळख येथे कामाची नाही. उंच गवतातून आल्यावर रात्री मुलांच्या गुडघ्यांमागे गोचीड चिकटलेली नाही ना, हे पाहावे. फोनला रेंज जाते, म्हणून नकाशा कागदी असावा, आणि डोंगरावर अपघात झाल्यास ९९९ला फोन करून आधी पोलीस आणि मग माउंटन रेस्क्यू मागावे.

शेवटच्या दिवशी बहुधा दहा वाजताच जागा सोडावी लागते. अशा वेळी हॅदरसेजच्या गरम पाण्याच्या, उघड्या आकाशाखालच्या तलावात पोहण्याची वेळ आधीच राखून ठेवावी. हॅदरसेजचे स्थानकही त्याच रेल्वेमार्गावर आहे; फक्त टॉवेल सामानाच्या तळाशी जाऊ देऊ नयेत.