आधी परतीची गाडी ठरवा: जर्मनीत शिकताना शनिवार-रविवारच्या सहलीत या चुका टाळा

जर्मनीतील विद्यापीठांचे हिवाळी सत्र ऑक्टोबरमध्ये सुरू होते आणि वर्गांना दोन-तीन आठवडे झाले, की बडोद्याहून नव्याने गेलेल्या आपल्या मुलांचे शनिवार-रविवारच्या सहलींचे बेत सुरू होतात. जाण्यापूर्वी ही मुले दांडिया बाजारातील आमच्या घरी येऊन खोली, विमा, बँकेचे खाते यांविषयी बारकाईने विचारतात. सहलीविषयी मात्र कोणीच विचारत नाही, कारण रात्री ठरवून पहाटे पावागढला निघण्याची त्यांना सवय असते. तेथे काही बिघडले तर तासाभरात घरून कोणीतरी पोहोचते. परदेशात तसे कोणी पोहोचत नाही, आणि म्हणून त्याच त्या चुका दरवर्षी नवी मुले करतात. त्या पुन्हा पुन्हा पाहून मन विटले आहे. म्हणून येथे लिहीत आहे.

सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे मूळ कागदपत्रे खोलीवर ठेवून सहलीला जाणे. "काका, मोबाइलमध्ये फोटो आहे ना," हे उत्तर मला ठरलेले मिळते. शेंगेन क्षेत्रात, म्हणजे आपसांतल्या सीमांवर एरवी तपासणी न करणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, आज २९ देश आहेत आणि जर्मनीचा निवास परवाना असलेल्या विद्यार्थ्याला इतर सदस्य देशांत कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत राहता येते, हे खरे आहे. पण त्यासाठी वैध पासपोर्ट आणि निवास परवान्याचे मूळ कार्ड, दोन्ही जवळ असावे लागते. फोटो हा परवाना नव्हे. शिवाय जर्मनीने १६ सप्टेंबर २०२४ पासून आपल्या सर्व भू-सीमांवर तपासणी सुरू केली, त्यामुळे "सीमेवर कोणी विचारत नाही" हा मोठ्या मुलांनी दिलेला सल्ला जुना झाला आहे.

एका नोव्हेंबरमध्ये म्युनिकला शिकणारी चार मुले ऑस्ट्रियातील साल्झबर्गला गेली होती. त्यांतील एक बडोद्याचा होता आणि त्याचे वडील माझ्या ओळखीचे आहेत. हे अंतर प्रादेशिक गाडीने दोन तासांच्या आतले आहे, म्हणून मुलांनी रविवारचा शेवटचा क्षण शहरात घालवून अगदी रात्रीची गाडी धरली. फ्राइलासिंग या सीमेलगतच्या स्थानकावर पोलीस डब्यात चढले. आपल्या मुलाकडे पासपोर्ट होता, पण त्यात प्रवेशाच्या वेळचा व्हिसा होता आणि त्याची मुदत संपलेली होती; निवास परवान्याचे कार्ड म्युनिकच्या खोलीत टेबलाच्या खणात होते. पोलिसांनी त्याला खाली उतरवले, आणि नियमाप्रमाणे त्यांना दुसरे काही करता येणेही शक्य नव्हते. बाकी तिघे मैत्रीला जागून त्याच्याबरोबर उतरले. ओळख पटवून, नोंदी तपासून त्याला सोडण्यात आले तोपर्यंत म्युनिकची शेवटची गाडी निघून गेली होती. त्याने वडिलांना फोन केला तेव्हा बडोद्यात पहाटेचे तीन वाजत आले होते आणि त्यांनी लगेच मला उठवले. मी मुलाला एवढेच सांगू शकलो की स्थानकाच्या आत, प्रकाशात, चौघे एकत्र बसा आणि पहाटेच्या पहिल्या गाडीने जा. चौघांचेही सोमवारचे सकाळचे प्रात्यक्षिक बुडाले, आणि त्या विषयात प्रात्यक्षिकांची हजेरी सक्तीची होती.

या प्रसंगात दोन चुका एकमेकींत गुंतलेल्या आहेत आणि दुसरी मला अधिक महत्त्वाची वाटते. हीच मुले दोन गाड्या आधी निघाली असती, तर तीच तपासणी, तोच खोळंबा सोसूनही रात्री आपापल्या खोलीत पोहोचली असती. माझी सवय अशी की सहलीचे ठिकाण पक्के होण्याआधीच रविवारची परतीची गाडी पाहायची आणि शेवटच्या गाडीच्या किमान दोन आधीची निवडायची; जायचे कसे, राहायचे कोठे, हे त्यानंतर. नवीन मुले नेमके उलटे करतात: शुक्रवारचे स्वस्त तिकीट दिसले की लगेच काढतात आणि परतीचे "तेव्हाचे तेव्हा पाहू" म्हणून सोडतात. रविवारी संध्याकाळी निम्मा देश घरी परतत असतो, गाड्या भरलेल्या असतात आणि स्वस्त तिकिटे आधीच संपलेली असतात.

परतीच्या प्रवासात गाडी बदलायची असेल, तर संपूर्ण प्रवासाचे तिकीट एकाच आरक्षणात काढावे. दोन-चार युरो वाचवण्यासाठी तुकड्यातुकड्यांनी तिकिटे काढण्याची युक्ती मुले एकमेकांना शिकवतात आणि मला ती मुळीच आवडत नाही. एकाच तिकिटावर गाडीला उशीर झाला, तर युरोपीय नियमांनुसार ६० मिनिटांच्या उशिराला तिकिटाच्या किमतीचा २५ टक्के आणि १२० मिनिटांच्या उशिराला ५० टक्के परतावा मागता येतो, आणि पुढची गाडी चुकल्यास त्याच तिकिटावर नंतरच्या गाडीने जाता येते. वेगवेगळ्या तिकिटांचा प्रत्येक तुकडा हा वेगळा करार ठरतो. पहिल्या गाडीच्या उशिरामुळे दुसरी चुकली तर तो भुर्दंड आपलाच.

डॉइचलँड-तिकीट कोठे चालत नाही, हे न वाचणारेही पुष्कळ आहेत. मे २०२३ मध्ये ४९ युरोला सुरू झालेले आणि जानेवारी २०२६ पासून ६३ युरोचे झालेले हे मासिक तिकीट प्रादेशिक गाड्या आणि शहरांतील बस-ट्रामसारखी स्थानिक वाहतूक यांपुरतेच आहे. आयसीई, आयसी या लांब पल्ल्याच्या वेगवान गाड्यांत ते चालत नाही. ते एका व्यक्तीच्या नावाचे असते, त्यामुळे मित्राला वापरायला देता येत नाही. गटाने बव्हेरियात, म्हणजे म्युनिक ज्या राज्यात आहे तेथे, फिरणाऱ्यांसाठी पाच जणांपर्यंतचे बायर्न-तिकीट उत्तम आहे, पण त्यावर नावे लिहावी लागतात आणि सोमवार ते शुक्रवार ते सकाळी नऊनंतरच लागू होते. शुक्रवारी वर्ग नाही म्हणून आठच्या गाडीत बसणाऱ्या गटाला हे डब्यात कळते. विनातिकीट प्रवासाचा दंड माणशी किमान ६० युरो आहे.

दोन दिवसांत ॲम्स्टरडॅम, ब्रुसेल्स आणि पॅरिस करण्याचा बेत आखू नये. रात्रीच्या बसमध्ये झोपून हॉटेलचे पैसे वाचतात, असे मुले म्हणतात. ती झोप होत नाही, आणि पुढचा दिवस बाकावर पेंगण्यात जातो. एक शहर घ्यावे, ते पायी पाहावे. पॅरिसला जाणार असाल तर युरोपीय आर्थिक क्षेत्रात (जर्मनी त्यात येते) राहणाऱ्या २६ वर्षांखालील तरुणांना लूव्र संग्रहालयात विनामूल्य प्रवेश आहे. त्या क्षेत्रात राहत असल्याचा पुरावा दाखवावा लागतो, म्हणजे पुन्हा तेच मूळ कार्ड.

स्वस्त विमानाचे तिकीट काढताना विमानतळाचे पूर्ण नाव वाचावे. पॅरिसच्या नावाने विकला जाणारा बोव्हे विमानतळ शहरापासून सुमारे ८५ किलोमीटरवर आहे आणि फ्रँकफर्टचे नाव लावणारा हान सुमारे १२० किलोमीटरवर, म्हणजे बडोदे-अहमदाबाद अंतराहूनही दूर. शहरापर्यंतच्या बसचे भाडे आणि वेळ मिळवून मगच तिकीट स्वस्त आहे की नाही ते ठरवावे.

ब्रिटन आणि आयर्लंड शेंगेनमध्ये नाहीत. तेथे जायला वेगळा व्हिसा लागतो.

स्वित्झर्लंड शेंगेनमध्ये आहे, पण युरोपीय संघात नाही, त्यामुळे संघातील विनाशुल्क रोमिंग तेथे लागू होत नाही. बाझेल या सीमेवरच्या स्विस शहरात उतरण्यापूर्वी मोबाइलचा डेटा बंद करावा आणि नकाशा आधीच उतरवून घ्यावा.

जर्मनी आणि ऑस्ट्रियात रविवारी किराणा दुकाने बंद असतात, म्हणून खाण्याचे सामान शनिवारीच घ्यावे.

निवास परवान्याचे नूतनीकरण चालू असताना सीमा ओलांडू नये. जर्मनीतच पाहण्यासारखे इतके आहे की दोन महिने थांबल्याने काहीही बिघडत नाही.

खर्चाचा हिशेब परतीच्या गाडीतच पुरा करावा. सर्वांची तिकिटे एकाच्या कार्डावर काढून "नंतर देतो" म्हणणारे मित्र वाईट नसतात, पण महिनाअखेरीस ज्याचे खाते रिकामे होते तो बोलत नाही आणि पुढच्या सहलीला येत नाही. ही मैत्री दोन-तीन वर्षे परक्या देशात आधार देणारी असते. ती चाळीस युरोंसाठी का पणाला लावावी?

मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी युरोपात घड्याळ एक तासाने बदलते. मार्चमध्ये तो तास कमी होतो, तेव्हा त्या पहाटेची गाडी असेल तर गजर मोबाइलवरच लावावा. बडोदे हिवाळ्यात जर्मनीच्या साडेचार तास पुढे असते आणि उन्हाळ्यात साडेतीन तास, हे घरच्यांनाही सांगून ठेवावे. निघण्यापूर्वी आई-बाबांना परतीच्या गाडीचा क्रमांक, पोहोचण्याची भारतीय वेळ आणि बरोबरच्या एका मित्राचा नंबर पाठवावा. खोलीवर पोहोचल्यावर, बडोद्यात कितीही वाजले असले तरी, एक ओळ जरूर लिहावी.