संकलित (कंपाइल केलेल्या) सॉफ्टवेअरचे पॅकेज हलके करताना

लातूरच्या आडत दुकानांसाठी केलेले हिशेबाचे सॉफ्टवेअर बहुतेक वेळा दुकानदाराच्या मोबाइल डेटावरूनच उतरवले जाते, त्यामुळे त्यातील अनावश्यक भाराचा खर्च त्याच्याच माथी बसतो. हा भार कमी करण्याआधी तो नेमका कुठे आहे, हे पाहावे. लिनक्सवरील ‘साइझ’ ही आज्ञा फक्त मेमरीत चढणाऱ्या भागांची बेरीज सांगते. प्रत्यक्ष फाइल तिच्याहून फारच मोठी असेल, तर तो फरक बहुधा डीबग माहितीचा, म्हणजे चुका शोधण्यासाठी ठेवलेल्या फंक्शनांची नावे, ओळींचे क्रमांक अशा नोंदींचा असतो.

ही माहिती फेकून देऊ नये. ‘ऑब्जकॉपी’ या आज्ञेने तिची वेगळी फाइल करून ती स्वतःजवळ ठेवावी, मूळ फाइलवर ती माहिती काढणारी ‘स्ट्रिप’ ही आज्ञा चालवावी आणि दोहोंमध्ये डीबगलिंक, म्हणजे वेगळ्या फाइलचे नाव सांगणारा दुवा, जोडावी. असे न केल्यास परभणीच्या ग्राहकाकडून आलेल्या क्रॅशच्या नोंदीत फंक्शनांच्या नावांऐवजी केवळ पत्ते दिसतात. डेबियन हा लिनक्स प्रकल्पही याच कारणासाठी डीबग माहितीची पॅकेजे वेगळी ठेवतो. स्टॅटिक लायब्ररीतून (प्रोग्रॅममध्येच मिसळल्या जाणाऱ्या तयार कोडाच्या संग्रहातून) मात्र केवळ डीबग माहिती काढावी, कारण तिची सगळी चिन्हे (फंक्शन आणि डेटा यांची नावे) गेली, तर पुढचे लिंकिंग, म्हणजे सगळे भाग जोडून एक प्रोग्रॅम बनवणेच अडते.

यानंतर न वापरलेला कोड काढावा. जीसीसी या कंपायलरला प्रत्येक फंक्शन आणि डेटा फाइलच्या स्वतंत्र भागात (सेक्शनमध्ये) ठेवायला सांगावे आणि लिंकरला निरुपयोगी सेक्शन गाळायला सांगावे. यांपैकी एकच पर्याय दिला, तर फारसे काही साधत नाही. आकारासाठीचे ऑप्टिमायझेशन आणि लिंकिंगच्या वेळचे ऑप्टिमायझेशन यांचाही उपयोग होतो, पण वेग मोजल्याशिवाय ते कायम करू नयेत. रस्ट या भाषेत पॅनिकसाठी (प्रोग्रॅममध्ये गंभीर चूक झाल्यास) ‘अबॉर्ट’, म्हणजे तिथेच बंद होणे, निवडल्यास आकार घटतो, मात्र पॅनिक झेलून पुढे चालणारा कोड मग तसा चालत नाही.

कॉम्प्रेशन शेवटी ठरवावे. एक्सझेड आणि झेडस्टँडर्ड या कॉम्प्रेशनच्या दोन पद्धतींपैकी एक्सझेड सहसा अधिक लहान फाइल देते, झेडस्टँडर्ड फार लवकर उलगडते. जानेवारी २०२० मध्ये आर्च लिनक्स या लिनक्सच्या एका प्रकाराने आपल्या पॅकेजांसाठी एक्सझेडऐवजी झेडस्टँडर्ड स्वीकारल्याचे जाहीर केले, तेव्हा एकूण आकार सुमारे ०.८ टक्के वाढला, पण उलगडण्याचा वेग कित्येक पटींनी सुधारला. उतरवण्याचाच खर्च जास्त असलेल्या आपल्या ग्राहकांसाठी मी एक्सझेडच निवडेन. यूपीएक्स या साधनाने एक्झिक्यूटेबल (चालवायची फाइल) स्वतःच दाबून ठेवणे मात्र टाळावे: पॅकेज आधीच दाबलेले असल्याने उतरवताना फारसा लाभ होत नाही आणि अँटीव्हायरस अशा फाइलवर अनेकदा विनाकारण संशय घेतो.