पट्टा काढण्याआधी: कुत्र्याला मोकळं सोडण्याची तयारी कशी करावी

पट्टा निघाला की कुत्रा सुसाट सुटतो, मोठे वळसे घेतो, मध्येच थांबून जमीन हुंगतो आणि पुन्हा पळतो. हे त्याला रोज मिळावं असं मालकाला वाटणं साहजिक आहे. दीड-दोन मीटरच्या पट्ट्यावर त्याला आपल्या चालीनं चालावं लागतं आणि मनासारखं हुंगताही येत नाही. पण मैदानात तुम्ही दोघंच नसता. हाकेला परत न येणारा कुत्रा समोरच्या माणसाच्या दृष्टीनं सुटलेलाच असतो, मग तो घरात कितीही गोड असो. म्हणून पट्टा काढणं ही या कामातली शेवटची पायरी. बहुतेक कुत्र्यांना तिथवर पोहोचायला काही महिने लागतात.

घराचं दार उघडून कुत्र्याला एकट्यानं भटकून यायला सोडणं हा प्रकार यात बसत नाही. तुम्ही सोबत नसताना तो कुठे गेला, काय खाल्लं, कोणावर धावून गेला, हे तुम्हाला कधीच कळत नाही. गाडीखाली सापडण्याची, विषारी काही खाण्याची आणि नको असलेल्या पिल्लांची शक्यता या भटकण्यातच जास्त असते. असं करू नका, एवढंच त्याबद्दल सांगायचं आहे.

आधी कागद आणि तब्येत

तुम्ही राहता तिथे कुत्रा कुठे मोकळा सोडता येतो आणि कुठे पट्टा सक्तीचा आहे, हे आधी विचारून घ्या. नियम जागेप्रमाणे बदलतात. काही ठिकाणी पक्ष्यांच्या विणीच्या हंगामापुरती वेगळी बंदी असते. पाटी लावलेली नाही म्हणजे परवानगी आहे, असं धरून चालू नका.

रेबीजची लस आणि तिचे पुढचे डोस वेळेवर झालेले हवेत. इतर लसी, जंताचं औषध आणि गोचीड-पिसवांवरचा उपाय यांचं वेळापत्रक पशुवैद्याकडून लिहून घ्या. पिल्लाच्या पहिल्या लसी पूर्ण होईपर्यंत अनोळखी कुत्री येतात-जातात अशा जमिनीवर त्याला सोडू नका. मात्र त्या काळात घरी कोंडूनही ठेवू नका. साधारण 3 ते 14 आठवड्यांचं वय हे जग ओळखण्याचं असतं. कडेवर घेऊन माणसं, वाहनं, छत्र्या, सायकली, मुलांचा गोंगाट हे सगळं दाखवता येतं.

गळपट्ट्यावर तुमचा फोन नंबर असलेला बिल्ला हवा, आणि जमलं तर कातडीखाली मायक्रोचिपही बसवून घ्या. चिप तांदळाच्या दाण्याएवढी असते, तिच्यात बॅटरी नसते आणि सहसा 15 अंकी क्रमांक असतो. ती कुत्रा कुठे आहे हे सांगत नाही. सापडलेल्या कुत्र्यावर कोणी स्कॅनर फिरवला तरच क्रमांक दिसतो, तोही नोंदणीतला तुमचा पत्ता-फोन ताजा असेल तर उपयोगाचा. घर बदललं की नोंद बदलायची हे बरेच जण विसरतात.

माजावर आलेली मादी मोकळी सोडायची नाही. हा काळ साधारण तीन आठवड्यांचा असतो आणि त्यात हाकेचं सगळं शिक्षण वाहून जातं, तिचंही आणि आसपासच्या नरांचंही. नसबंदी केव्हा करायची हे जात, आकार आणि वय पाहून पशुवैद्य सांगेल.

हाक: खरं काम इथे आहे

बहुतेक घरांत कुत्र्याचं नाव दिवसभरात इतक्या वेळा घेतलं जातं की ते ऐकून तो कान हलवतो आणि पुन्हा आडवा होतो. म्हणून बोलावण्यासाठी वेगळा शब्द किंवा शिट्टी निवडा. शिट्टीचा फायदा असा, की ती लांबवर जाते आणि तुमचा राग किंवा घाबरलेपण तिच्यात उतरत नाही. घरातले सगळे जण तोच शब्द, त्याच अर्थानं वापरतील हे पाहा.

सुरुवात घराच्या एका खोलीत. शब्द उच्चारा आणि लगेच त्याच्या सर्वांत आवडीचा खाऊ तोंडाशी न्या. या टप्प्यावर त्यानं काहीच करायचं नसतं. शब्दापाठोपाठ चांगलं काही येतं एवढं त्याच्या डोक्यात बसायला हवं. दोन-तीन दिवसांत तो शब्द ऐकताच मान वळवू लागला की दोन पावलं लांबून बोलवा, मग दुसऱ्या खोलीतून, मग घरातल्या दोघांनी आळीपाळीनं. जवळ आला की खाऊ देताना दुसऱ्या हातानं गळपट्टा हलकेच धरा आणि सोडा. ही बारीक गोष्ट बहुतेक जण वगळतात, आणि मग मैदानात कुत्रा हातभर अंतरावर येऊन उभा राहतो, हात पुढे केला की उडी मारून निसटतो. त्याला गळपट्टा धरला जाण्याची सवयच नसते.

बाहेर गेल्यावर खाऊ बदला. घरी कोरड्या दाण्यांवर काम भागतं. बाहेर हजार वास असतात, तिथे शिजवलेल्या मांसाचे बारीक तुकडे किंवा त्याचं सर्वांत लाडकं खेळणं लागेल. मांजर पाहून, खेळ सोडून तो परत आला, तर एका तुकड्यावर भागवू नका. एकामागून एक पाच-सहा द्या, सोबत भरपूर कौतुक. हिशेब तो ठेवतच असतो.

आता ज्या चुकांनी हाक बिघडते त्या पाहू.

पहिली, तोच शब्द पुन्हा पुन्हा ओरडणं. एकदा बोलावलं आणि आला नाही, तर तुमची पायरी त्याच्यासाठी जास्त अवघड होती असं समजा आणि सोप्या जागी परत जा. येणार नाही अशी खात्री असताना बोलवूच नका. चालत जा आणि पट्टा लावा.

दुसरी, परत आल्यावर रागावणं. दहा मिनिटं हुलकावण्या देऊन अखेर तो आला आणि तुम्ही ओरडलात, तर त्याच्या लेखी ती शिक्षा परत येण्याची झाली. तोंडातल्या तोंडात काय पुटपुटायचं ते पुटपुटा, पण खाऊ द्या.

तिसरी आणि सर्वांत जास्त आढळणारी: फक्त घरी जायच्या वेळी बोलावणं. कुत्रा चार दिवसांत शिकतो की हाक म्हणजे मजा संपली. यावर साधा उपाय आहे. फेरीत अनेकदा बोलवा, खाऊ द्या आणि लगेच ‘जा’ म्हणून पुन्हा सोडा. परत आल्यावर स्वातंत्र्य पुन्हा मिळतं, हे कळलेला कुत्रा आनंदानं येतो. माझ्या मते पूर्ण शिकवणीत याच्याइतका फळ देणारा सराव दुसरा नाही.

सोबत ‘थांब’ आणि ‘सोड’ हे दोन शब्दही पक्के करा. रस्त्यापलीकडे असलेल्या कुत्र्याला बोलावणं घातक ठरू शकतं. त्या वेळी त्याला तिथेच थांबवता आलं पाहिजे. ‘सोड’ कचऱ्यातल्या हाडांसाठी आणि फेकलेल्या चॉकलेटसाठी. चॉकलेट कुत्र्यांना विषारी असतं, आणि साखरविरहित च्युइंगममधलं झायलिटॉल थोडंसुद्धा धोक्याचं.

लांब दोरी

घरातला सराव आणि खरी मोकळीक यांच्यामध्ये 5 ते 10 मीटरची लांब दोरी असते. ती गळपट्ट्याला लावू नका. धावत सुटलेला कुत्रा दोरीच्या टोकाला पोहोचला की मानेला जोराचा हिसका बसतो. छातीवरून जाणाऱ्या हार्नेसला, पाठीवरच्या कडीत अडकवा. दोरी बोटांभोवती किंवा मनगटाला गुंडाळू नका, हातमोजे घाला, आणि दुसऱ्या कुत्र्यांशी खेळताना ती काढा, नाहीतर पाय गुंततात. आपोआप आत-बाहेर होणारा पट्टा या कामाचा नाही. त्यावर कायम ताण असतो, आणि कुत्रा ओढायलाच शिकतो.

आधी दोरी हातात धरून बोलवा. मग ती जमिनीवर ओढली जाऊ द्या, म्हणजे गरज पडली तर पाय ठेवून थांबवता येईल. दोरीनं कुत्र्याला खेचून आणायचं नाही. तो पळून जाऊन स्वतःचं बक्षीस स्वतः मिळवणार नाही, एवढ्यासाठीच ती आहे. सशामागे एकदा मनसोक्त पळायला मिळालं की तुमच्या हातातला तुकडा फिका पडतो.

विचलित करणाऱ्या गोष्टी एकेक वाढवा: रिकामं मैदान, लांबवर माणसं, जवळून जाणारी सायकल, दुसरा कुत्रा, चेंडू. प्रत्येक नव्या जागी थोडं मागे जाऊन सुरुवात करावी लागते, कारण एका मैदानात शिकलेलं कुत्रा दुसरीकडे आपोआप लावत नाही. साधारण सहा महिने ते दीड वर्ष या वयात सगळं शिकवलेलं तो विसरल्यासारखा वागेल. तेव्हा दोरी पुन्हा लावा. त्यात कमीपणा नाही.

पहिल्यांदा सोडताना

कुंपण असलेली किंवा रस्त्यापासून बरीच लांब असलेली जागा, आणि गर्दी नसलेली वेळ निवडा. सलग काही दिवस, वेगवेगळ्या जागी, दोरीवर पहिल्याच हाकेला तो वळत असेल तरच पुढे जा. सोडण्याआधी थोडं चालवून आणा. घरातून थेट सुटलेला कुत्रा ऐकण्याच्या मनःस्थितीत नसतो. कडक उन्हात नको. हाताची मागची बाजू जमिनीवर सात सेकंद ठेवता येत नसेल, तर त्याचे पंजेही भाजतील.

पाच-दहा मिनिटं सोडा, दोन-तीनदा बोलावून परत पाठवा, आणि तो दमून चिडचिडा व्हायच्या आत पट्टा लावा. फोन खिशात. नजर फोनवर असलेल्या मालकाच्या कुत्र्याला आपण दुर्लक्षित आहोत हे लगेच समजतं.

समोरचा माणूस, समोरचा कुत्रा

‘घाबरू नका, तो काही करत नाही’ हे वाक्य टाळा. समोरच्याला कदाचित लहानपणी कुत्रा चावला असेल, हातात तान्हं मूल असेल, किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झालेली असेल. तुमचा कुत्रा केवळ प्रेमानं अंगावर उडाला तरी म्हातारा माणूस पडून हाड मोडतं. माणूस दिसला की कुत्र्याला बोलावून पट्टा लावायचा, आणि तो निघून गेला की सोडायचा. कुत्रा कोणाजवळ जाणार हे त्या माणसानं ठरवायचं.

पट्ट्यावरच्या कुत्र्याजवळ तुमचा मोकळा कुत्रा जाऊ देऊ नका. पट्ट्यावरचा कुत्रा आजारी असेल, भित्रा असेल, शिकत असेल. त्याला पळून जाता येत नाही, त्यामुळे भीती वाटली तर चावणं हा एकच मार्ग उरतो. असं भांडण झालं तर त्याची सुरुवात तुमच्या कुत्र्यानं केली असंच धरा, पहिला चावा कोणाचाही असो.

दोन मोकळी कुत्री खेळत असतील तर अंग ढिलं आहे का पाहा. आळीपाळीनं पाठलाग, पुढचे पाय टेकवून केलेलं आमंत्रण, मध्ये मध्ये थांबणं, ही चांगली लक्षणं. एकच सारखा मागे लागतोय आणि दुसरा शेपूट आत घेऊन मालकाच्या पायांत शिरतोय, तर खेळ संपलेला आहे. शेपूट हलतेय म्हणजे खूश आहे, हे अर्धसत्य आहे. अंग ताठ, नजर रोखलेली, तोंड बंद आणि शेपटी वर उभी ठेवून थरथरत असेल, तर शांतपणे दुसरीकडे बोलवा.

गुरं-मेंढ्या दिसल्या की नेहमी पट्टा, कितीही शिकलेला असो. नुसता पाठलागही गाभण मेंढीला जिवावरचा ठरू शकतो. जमिनीवर घरटं करणारे पक्षी कुत्रा जवळ आला तरी घरटं सोडून उडतात, आणि अंडी तेवढा वेळ उघडी पडतात.

शी उचला, मैदानातही, झुडपाआडही. मोकळा कुत्रा कुठे बसला हे पाहायला नजर त्याच्यावरच हवी, हा आणखी एक फायदा. विष्ठेतून पडलेली गोलकृमींची अंडी मातीत वर्षानुवर्षं टिकू शकतात आणि त्या मातीत खेळणाऱ्या मुलांना त्यांचा संसर्ग होऊ शकतो. बांधलेली पिशवी झाडाला लटकवून जाणाऱ्यांबद्दल काय बोलावं!

काही बिनसलं तर

कुत्रा पळाला तर मागे धावू नका. त्याला तो पाठशिवणीचा खेळ वाटतो. उलट्या दिशेनं पळा, आनंदानं आवाज द्या, किंवा बाजूला वळून खाली बसा. दिसेनासा झाला तर एकानं सोडलेल्या जागीच थांबावं. बरीच कुत्री तिथेच परततात.

भांडण जुंपलं तर दोन तोंडांच्या मध्ये हात घालू नका. पाणी, जाकीट, मोठा आवाज वापरा, आणि सुटली की दोघांना लगेच लांब न्या. दाट केसांखालची जखम वरून लहान आणि आत खोल असते, पशुवैद्याला दाखवाच.

कोणाला चावला तर जखम साबण आणि वाहत्या पाण्यानं 15 मिनिटं धुवायला लावा आणि तडक डॉक्टरकडे पाठवा, ओरखडा असला तरी. स्वतःचं नाव, फोन आणि कुत्र्याच्या लसीची माहिती मागण्याआधीच द्या. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, म्हणून समोरच्याला अंदाजावर सोडायचं नाही.

काही कुत्री कधीच पूर्ण मोकळी सोडण्यासारखी होत नाहीत. वासावर किंवा नजरेवर शिकार करण्यासाठी पिढ्यानपिढ्या घडवलेल्या जाती, माणसांना किंवा कुत्र्यांना घाबरणारे, पूर्वी चावलेले, ऐकू न येणारे. त्यांच्यासाठी कुंपणाची जागा आणि लांब दोरी पुरते. चावण्याचा धोका असेल तर आधी सवय करून घेतलेलं, धापा टाकता येतील असं जाळीचं मुसकं. दोरीवर अर्धा तास मनसोक्त हुंगलेला कुत्राही घरी येऊन गाढ झोपतो. फक्त ती दोरी अधूनमधून पूर्ण लांबीभर हातातून फिरवून तपासा, हुकाजवळची शिवण तर आवर्जून.