ट्यूमर बोर्ड संगणकावर आणताना

ट्यूमर बोर्ड म्हणजे वेगवेगळ्या तज्ज्ञांनी मिळून कॅन्सर रुग्णाचे उपचार ठरवण्याची बैठक. तिच्यासाठी सॉफ्टवेअर घ्यायचं ठरलं की चर्चा व्हिडिओ मीटिंगपासून सुरू होते. ते काम शेवटी ठेवा. बैठक फुकट जाते ती अपुऱ्या माहितीमुळे: बायोप्सीचा ब्लॉक (मेणात जपलेला गाठीचा तुकडा) परगावच्या लॅबमध्ये, सीटीची सीडी नातेवाइकांच्या पिशवीत, आणि सगळे तज्ज्ञ ‘पुढच्या आठवड्यात बघू’ म्हणून उठतात. तो आठवडा रुग्णाचा जातो. म्हणून सुरुवात केसच्या फॉर्मपासून करा.

फॉर्म एका स्क्रीनवर मावायला हवा. सर्वांत वर प्रश्न: बोर्डाने नेमकं काय ठरवायचं? ‘मत द्यावे’ असं लिहू देऊ नका. ‘आधी केमो की आधी ऑपरेशन’ असं हवं. खाली वय, ईसीओजी स्कोअर (रुग्ण रोजची कामं किती करू शकतो), इतर आजार, क्रिएटिनिन (किडनीच्या कामाचा आकडा), बायोप्सीचं निदान, आधीचे उपचार, टीएनएम स्टेज (गाठ, लसिकाग्रंथी आणि इतरत्र पसरलेला आजार यांवरून ठरणारा टप्पा) आणि रुग्णाची स्वतःची इच्छा. स्टेज टाइप करायची नाही, यादीतून निवडायची, आणि ती तपासणीवरून ठरली, ऑपरेशननंतर ठरली की केमोनंतरच्या ऑपरेशनमधून, हे वेगळं नोंदवायचं. नाहीतर केमोने आटलेली मोठी गाठ फॉर्मवर सुरुवातीचा आजार म्हणून दिसते.

मग अवयवानुसार अटी घाला. स्तनाच्या कॅन्सरमध्ये ईआर, पीआर आणि हर-टू (गाठीच्या पेशींवरचे रिसेप्टर, ज्यांवरून औषधं ठरतात) भरल्याशिवाय केस यादीत चढू नये. हर-टू २+ (म्हणजे अनिश्चित) असेल तर फिश या जनुकीय तपासणीचा रकाना आपोआप उघडावा. आधी केमो द्यायचा विचार असेल तर ‘गाठीत क्लिप (जागेची खूण म्हणून धातूचा बारीक तुकडा) बसवली का?’ हे विचारलंच पाहिजे, कारण गाठ पूर्ण विरघळली तर सर्जनला जागा सापडत नाही. तोंडाच्या कॅन्सरमध्ये रेडिएशनआधी दातांची तपासणी सक्तीची करा. रेडिएशन झालेल्या जबड्यातला दात नंतर काढला तर हाड कुजण्याचा धोका असतो. मात्र मज्जारज्जूवर दाब, श्वासमार्गात अडथळा अशा रुग्णांसाठी ‘तातडीचे’ बटण ठेवा. त्यांचे उपचार बोर्डासाठी थांबवायचे नसतात.

स्कॅन डायकॉम स्वरूपातच घ्या (वैद्यकीय चित्रांच्या मूळ डिजिटल फाइली). मोबाइलवर काढलेल्या फिल्मच्या फोटोत रेडिओलॉजिस्टला ना विंडो (चित्राचा उजेड-कॉन्ट्रास्ट) बदलता येते, ना गाठ नीट मोजता येते. सीटीचा एक स्लाइस साधारण अर्धा एमबी, म्हणजे ४०० स्लाइसचे सुमारे २०० एमबी. अपलोड आदल्या दिवशी दुपारपर्यंत बंद करा. लहान हॉस्पिटलला स्कॅन साठवणारा ऑर्थँक सर्व्हर आणि ते दाखवणारा ओएचआयएफ व्ह्यूअर ही मोफत जोडी पुरते, फक्त सांभाळणारा माणूस हवा. ४०एक्सवर (४० पट भिंगातून) स्कॅन केलेली बायोप्सीची स्लाइड अनेकदा १ जीबीच्या वर जाते. इंटरनेट तेवढं नसेल तर सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा लावून पॅथॉलॉजिस्टने बैठकीतच स्लाइड दाखवावी.

सारख्या नावांचे घोळ टाळायला जुळवणी नेहमी नोंदणी क्रमांकाने करा. केस बाहेर पाठवताना, उदाहरणार्थ नॅशनल कॅन्सर ग्रिड या देशभरातल्या कॅन्सर केंद्रांच्या जाळ्याच्या व्हर्च्युअल ट्यूमर बोर्डाकडे, नाव काढून कोड द्या. डायकॉमच्या माहितीतून नाव काढलं तरी सोनोग्राफीच्या चित्रावरच छापलेलं नाव तसंच राहतं. ते डोळ्यांनी तपासा. सारांश लिहायला एआय वापरत असाल तर स्टेज आणि रिसेप्टरचे आकडे मूळ रिपोर्टशी ताडून पाहा, आणि रुग्णाची कागदपत्रं सार्वजनिक चॅटबॉटमध्ये कधीही टाकू नका.

निर्णय बैठक चालू असतानाच सगळ्यांसमोर टाइप करून मोठ्याने वाचा. नंतर आठवून लिहिलेल्या नोंदीत ‘का’ गळून पडतं. शिफारस, दुसरा पर्याय, कारण, कोणाचं वेगळं मत, कोण करणार आणि कोणत्या तारखेपर्यंत, एवढं हवंच.

खरं काम यानंतरचं आहे, आणि बहुतेक ठिकाणी सॉफ्टवेअर इथेच संपतं. निर्णय अमलात आला का, हे समन्वयकाला दिसलं पाहिजे. तोंडाच्या कॅन्सरमध्ये गरज असल्यास ऑपरेशननंतरचं रेडिएशन ६ आठवड्यांच्या आत सुरू व्हायला हवं. म्हणून ऑपरेशनच्या तारखेपासून मोजणी लावा आणि तिसऱ्या आठवड्यात मास्क (रेडिएशनवेळी डोकं स्थिर ठेवणारा साचा) व प्लॅनिंगची आठवण येऊ द्या. उपचार झाले नाहीत तर कारण यादीतून निवडा: नकार, पैसे, प्रवास, तब्येत. ‘प्रवास’ निवडलं की केस आपोआप पुन्हा बोर्डापुढे यावी, कारण कमी फेऱ्यांचा पर्याय असू शकतो. उदाहरणार्थ, स्तनाच्या रेडिएशनच्या २५ फेऱ्यांऐवजी योग्य रुग्णात १५ पुरतात, म्हणजे पाच आठवड्यांचं काम तीन आठवड्यांत होतं.